बाबांचं लॉज आणि मिस्टर वॉल्टर

आमच्या घरी वांग्याचं भरीत करायचं म्हणजे आधी स्मोक अलार्मची बॅटरी काढायची. इलेक्ट्रिक शेगडीची कॉइल लाल झाली की आई तिच्यावर वांगी थेट ठेवायची, साल तडतडायला लागायची आणि अमेरिकेत पिस्कॅटवे गावातल्या आमच्या त्या बुटक्या घरात धूर कोंडायचा. बाबा खुर्चीवर चढून बॅटरी काढायचे आणि ती खिशात ठेवून विसरायचे. मग कधीतरी आठवड्याने आई पँट धुवायला टाकताना ती सापडायची. हॉलमध्ये टीव्हीच्या वर बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि तिच्या शेजारी निळ्या सुटातला तो फोटो, ज्याच्याखाली नाव लिहायची गरज आमच्याकडे कुणालाच वाटत नाही. शनिवारी सकाळी नागपूरला फोन लागायचा, कॉलिंग कार्डाचे आकडे दाबून दाबून आईचं बोट दुखायचं, आणि लागलाच तर पलीकडून मामाचा आवाज यायच्या आधी आपलाच आवाज परत यायचा. फोन झाला की आई सांबारवडीचं सारण करायला घ्यायची. सांबार म्हणजे कोथिंबीर हे मला मुंबई-पुण्याच्या मुलींना दर वेळी सांगावं लागायचं.

शेजारच्या घरातून त्याच वेळी ट्रम्पेट ऐकू यायचा. मिस्टर वॉल्टर शाळेत बँड शिकवायचे आणि शनिवारी त्यांच्याकडे पोरं शिकायला यायची. तीच ओळ परत परत, त्याच जागी अडखळून. मधेच मिस्टर वॉल्टर स्वतः वाजवून दाखवायचे, तेव्हा आई हातातलं काम थांबवायची. ते आणि त्यांची बायको, मिस लोरेन, दक्षिणेतून कॅरोलायनाहून आलेले काळे अमेरिकन. मोठ्यांना नुसत्या नावाने हाक मारायची नाही आणि आडनावानेही नाही, नावाआधी मिस्टर किंवा मिस लावायचं, ही त्यांच्याकडची पद्धत. आईला ती फार पसंत पडली. आम्ही या घरात राहायला आलो त्या आठवड्यात मिस लोरेन पीच कॉबलर नावाचा गोड पदार्थ घेऊन आल्या आणि आईने त्यांना तर्रीचा रस्सा दिला. तो खाऊन मिस्टर वॉल्टरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी वाटी पुसून खाल्ली. बाबांना अमेरिकेत सगळे ‘डॅन’ म्हणत. मिस्टर वॉल्टर मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण नाव घ्यायचे, ‘धानराझ’. चुकीचं, पण पूर्ण.

बाबा सिव्हिल इंजिनियर होते. एका कन्सल्टिंग कंपनीत ते पुलांची तपासणी करायचे. त्यांचे वडील, माझे आजोबा, नागपूरजवळच्या खाणीवर खडी फोडायचे. बाबांचा दगडावर जीव होता तो तिथूनच आलेला. रस्त्याने जाताना एखाद्या जुन्या चर्चची भिंत दिसली की ते गाडी बाजूला घ्यायचे, आम्हाला उतरवायचे आणि सांध्यांवरून हात फिरवत राहायचे. माणसांशी मात्र त्यांचं चटकन जमत नसे. सुरुवातीला आम्ही मराठी मंडळात जायचो. तिथे सगळे चांगलेच वागायचे. फक्त आडनाव विचारून झालं की एक छोटीशी शांतता पसरायची, आणि मग कुणीतरी फार उत्साहाने आम्हाला आणखी भात घ्यायचा आग्रह करायचं. बाबा त्या शांततेबद्दल घरी काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी वर्गणी भरायची वेळ आली तेव्हा त्यांना पुलाच्या कामाला बाहेरगावी जायचं होतं, त्याच्या पुढच्या वर्षीही जायचं होतं, आणि मग आमचं जाणं बंद झालं.

अशात त्यांना एड भेटला. एड त्यांच्याच ऑफिसात होता. उंच, लालबुंद, सतत कुणाच्या तरी पाठीवर थाप मारणारा. तो फ्रीमेसन होता, म्हणजे गवंड्यांच्या नावाने चालणाऱ्या एका जुन्या बंधुमंडळाचा मेंबर. जुन्या वस्तीत विटांची एक इमारत होती, दारावर काटकोन आणि कंपासचं चिन्ह, तिथे त्यांचं लॉज भरायचं. एडने बाबांना एकदा कुटुंबासाठी ठेवलेल्या पॅनकेक ब्रेकफास्टला बोलावलं. तिथे बँकेतला मोठा अधिकारी ॲप्रन बांधून प्लंबरला वाढत होता, आणि त्या सगळ्यांनी बाबांना नाव विचारलं, आडनाव नाही. परत येताना गाडीत बाबा आईला म्हणाले, इथे माणसं एका पातळीवर भेटतात, तसं ते म्हणतातच. त्यांनी अर्ज केला. गुपचूप मत घेतात तिथे. पेटीत पांढरी गोटी टाकली तर होकार, काळी टाकली तर नकार, आणि एक काळी निघाली तरी माणूस बाहेर. बाबांच्या वेळी सगळ्या पांढऱ्या निघाल्या. त्या दिवशी बाबांनी घरी येऊन आधी फोटोसमोर हात जोडले. तोवर मी त्यांना असं अचानक, एकटे, काही निमित्त नसताना हात जोडताना पाहिलं नव्हतं. नागपूरच्या मामाला हे फोनवर सांगताना आईची तारांबळ उडाली. बहिणीचा नवरा दर महिन्याला लॉजवर जातो म्हटल्यावर मामा चिडीचूप झाला, आणि आईने घाईघाईने खुलासा करेपर्यंत कार्डाची मिनिटं संपली.

लॉज या शब्दाचा उगम सापडला तेव्हा बाबांना केवढा आनंद झाला होता. युरोपात मोठमोठी चर्च बांधली जात होती तेव्हा बांधकामाशेजारी गवंड्यांसाठी एक छपरी असायची. तिथे ते दगड घडवायचे, जेवायचे, हत्यारं ठेवायचे, भांडायचे. त्या छपरीला लॉज म्हणत. पुढे दगडाला हात न लावणारी माणसं त्यांच्यात आली, छपरीचा हॉल झाला, हत्यारं चिन्हं होऊन भिंतीवर गेली. बाकीचे मेंबर जेवण आणि गप्पांसाठी जायचे. बाबांना मूळ हवं होतं. जवळच युनिव्हर्सिटीची मोठी लायब्ररी होती. तिथून त्यांनी गवंड्यांच्या सगळ्यात जुन्या लिखाणांच्या झेरॉक्स आणल्या. एक होतं पद्यात, सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, दुसरं थोडं नंतरचं, गद्यात. ते इंग्रजी बाबांना झेपेना. मला हायस्कूलात नुकतंच तसलं थोडं शिकवलं होतं, म्हणून रविवारी दुपारी मी मोठ्याने वाचायचे, शब्दांची सालं काढत काढत, आणि बाबा मराठीत समजून घ्यायचे. आई समोर बसून शेंगा सोलायची.

त्या लिखाणांत गवंड्यांनी स्वतःचं पुराण सांगितलेलं होतं. इजिप्तमध्ये सरदारांना इतकी मुलं झाली की त्यांचं करायचं काय हा प्रश्न पडला. तेव्हा एका गुरूने, ज्याच्या भूमितीने आम्हाला शाळेत रडवलं त्याच, त्या मुलांना दगडाचं काम शिकवलं आणि सांगितलं की तुमच्यात कुणी कुणाला नोकर म्हणायचं नाही, एकमेकांना सोबती म्हणायचं, आणि ज्याला जास्त येतं त्याने कमी येणाऱ्याला शिकवायचं. मग ही विद्या देशोदेशी फिरत इंग्लंडात एका राजाच्या काळात आली आणि त्या राजाने गवंड्यांची सभा बोलावून नियम बांधून दिले. आणखी एका गोष्टीत जगबुडी यायच्या आधी कुणीतरी सगळ्या विद्या दोन खांबांवर कोरून ठेवल्या, एक खांब आगीत जळणार नाही असा, एक पाण्यात बुडणार नाही असा. हे ऐकताना बाबा मुलासारखे हसायचे. यातलं खरं किती, ते त्यांना ठाऊक होतं. इतिहास नाहीये हा, सुजाता, ते म्हणायचे, पण बघ ना, हात सोलून घेणाऱ्या माणसांनी स्वतःला राजांशी जोडून घेतलं. खडी फोडणाऱ्याचं पुराण आपल्याकडे कुणी लिहिलं? हे ऐकताना आई शेंगा सोलता सोलता हळूच त्यांच्याकडे बघायची.

एका रविवारी मी नियम वाचत होते. मास्टरने शिकाऊ म्हणून कुणाला घ्यावं आणि कुणाला घेऊ नये, असा तो भाग होता. त्यात आलं की बाँडमनला घेऊ नये. म्हणजे जमिनीला बांधलेला, मालकाचा माणूस. कारण त्याचा मालक लॉजपर्यंत येऊन त्याला उचलून नेईल, आणि मग मारामारी होईल, सगळ्यांनाच त्रास. पुढे असंही होतं की शिकाऊ चांगल्या घरातला असलेला बरा. मी विचारलं, म्हणजे कुणी कुणाला नोकर म्हणायचं नाही, पण जो खरंच नोकर आहे त्याला आतच घ्यायचं नाही? बाबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, त्या काळचा व्यवहार असेल तो. मी म्हणाले, दॅट्स नॉट ॲन आन्सर, बाबा. ते म्हणाले, पुढचं वाच.

मिस्टर वॉल्टरांना लॉजमध्ये आणायचं हे बाबांच्याच डोक्यातून निघालं. हे मी आज पुन्हा पुन्हा तपासून लिहिते आहे, कारण पुढे बाबा ‘वॉल्टरला यायचं होतं’ अशी सुरुवात करायचे. नव्हतं यायचं. मिस्टर वॉल्टरांचे वडील कॅरोलायनात मेसन होते, पण काळ्या लोकांची लॉजं वेगळी, पिढ्यान् पिढ्यांची. शेजारच्या गावातही तसं एक होतं. मिस्टर वॉल्टर म्हणायचे, जायचंच झालं तर मी तिकडे जाईन, तुमच्याकडच्या लोकांना माझी सवय नाही. हे बोलणं आमच्या मागच्या अंगणात व्हायचं, बार्बेक्यूवर कणसं भाजताना. बाबांनी ते मनावर घेतलं. त्यांनी मिस्टर वॉल्टरांना त्या जुन्या नियमांतला सोबती म्हणायचा भाग वाचून दाखवला, इजिप्तची गोष्ट सांगितली, आपल्या आजोबा-पणजोबांना कुठल्या विहिरीवर पाणी भरायला बंदी होती ते सांगितलं. ते म्हणाले, मला घेतलं त्यांनी, वॉल्टर. मला. मग तुम्हाला का नाही? मिस्टर वॉल्टर कणीस फिरवत राहिले. शेवटी हसून म्हणाले, धानराझ, तू मला कामाला लावणार. बाबांनी त्यांच्या अर्जावर शिफारस म्हणून सही केली. दुसरी सही लागते, ती कुणा म्हाताऱ्या मेंबरने केली. ज्या दिवशी अर्ज दिला त्या दिवशी बाबांनी येताना मिठाई आणली होती, एडिसनमधल्या दुकानातून, आणि अर्धा डबा शेजारी नेऊन दिला.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात, पण तेव्हा मला त्यांचा अर्थ लागत नव्हता. एड दोनदा येऊन गेला. बाबा आणि तो गाडीत बसून बोलले, घरात नाही. बाबांचं रविवारचं वाचन थांबलं. मी झेरॉक्स काढून बसले तर म्हणाले, डोकं दुखतंय. आईने विचारलं, काही झालं का, तर कामाचा ताण आहे म्हणाले. त्याच सुमारास असंही कळलं की लॉजमध्ये पुढच्या वर्षी बाबांना पदाधिकाऱ्यांच्या रांगेत घेणार आहेत. त्या रांगेत एकदा उभं राहिलं की माणूस वर्षागणिक एकेक पायरी चढत मुख्य खुर्चीपर्यंत जातो. आम्हाला वाटलं, त्याचाच ताण असेल.

मतदान झालं आणि पेटीत काळी गोटी निघाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा स्वतः शेजारी सांगायला गेले. मी पण गेले, मिस लोरेनना पुस्तक परत द्यायचं होतं म्हणून. बाबा कोट न काढता दारातच उभे राहिले. म्हणाले, कुणीतरी एकाने विरोध केला, कोण ते कळत नाही, तशी पद्धतच आहे. मला फार लाज वाटते. मिस्टर वॉल्टरांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तू मनाला लावून घेऊ नकोस. माझ्यासाठी तिथे उभा राहिलास, एवढं आजवर कुणी केलं नव्हतं. दोन दिवसांनी मिस लोरेन पाउंड केक घेऊन आल्या, बाबांसाठी. म्हणाल्या, वॉल्टर म्हणतो धानराझलाच जास्त लागलंय. बाबांनी तो केक खाल्ला. आमच्या टेबलाशी बसून, चहात बुडवून, माझ्यासमोर खाल्ला. आता या वयात मला बाबांच्या बऱ्याच गोष्टी समजून घेता येतात. तो केक मला अजून समजत नाही.

थोड्या दिवसांनी एका शनिवारी दुपारी एड आणि त्याची बायको आमच्याकडे जेवायला आले. बाबांचं पद नक्की झालं होतं, त्याचं जेवण. आईने वडा-भात केला होता, सांबारवडी केली होती, एडसाठी तिखट कमी घातलं होतं. एड मोकळा माणूस. जेवण झाल्यावर खुर्ची मागे टेकवून त्याने आईच्या स्वयंपाकाची तारीफ केली आणि मग बाबांची. म्हणाला, तुमचा नवरा फार समजूतदार आहे. त्याने आमचं लॉज फुटता फुटता वाचवलं. त्या शेजाऱ्याच्या अर्जावर पेटीत डझनभर काळ्या गोट्या निघाल्या असत्या, मग लॉजमध्ये उघड दोन गट पडले असते, निम्मे लोक सोडून गेले असते. मी डॅनला सांगितलं, शिफारस तुझी आहे, तूच हे शांतपणे मिटव. सगळ्यांना निरोप गेला, तुम्ही पांढरी टाका, डॅन बघून घेईल. आणि डॅनने शब्द पाळला. एकच निघाली. एडची बायको मान डोलावत होती. बाबा ताटातल्या वडीचे बारीक बारीक तुकडे करत होते. आईला एडचं भरभर बोललेलं इंग्रजी सगळं कळायचं नाही, पण हे कळलं. तिने पाहुण्यांना खीर वाढली, पुन्हा हवी का विचारलं, त्यांच्या मुलांची चौकशी केली आणि दारापर्यंत सोडायला गेली.

गाडी वळणावरून गेल्यावर तिने दार लावलं. म्हणाली, “तुम्ही सही केली होती ना त्यांच्या कागदावर?”

बाबा हो म्हणाले.

“मग?”

मग बाबा खूप बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना फक्त पुलांबद्दल ऐकलं होतं. ते म्हणाले, वॉल्टरला घेणार नव्हतेच, हे आधीच ठरलं होतं. एक निघाली काय, डझन निघाल्या काय, निकाल तोच. डझन निघाल्या असत्या तर त्याचा जास्त अपमान झाला असता, ती गोष्ट गावभर झाली असती. मी कमीत कमी नुकसान केलं. शिवाय मी आत असलो, वर चढलो, तरच पुढे कधीतरी काही बदलता येईल. बाहेर फेकला गेलो तर काय बदलणार. सगळं मुद्देसूद होतं, पुलाच्या रिपोर्टसारखं. मी टेबलाशी उभी होते. हातातल्या वाट्या मी खाली ठेवल्या.

मी म्हणाले, “बाँडमनला आत घ्यायचं नाही, बाबा. सगळ्या नियमांतला तेवढा एक तुम्ही बरोबर पाळलात.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. म्हणाले, “तुला इथे जन्मून बोलणं सोपं आहे. आयुष्यभर दाराबाहेर उभं राहणं काय असतं ते तुला माहीत नाही.”

“मला माहीत आहे,” आई म्हणाली. “मी राहिली आहे.”

तिने साडीवर कोट घातला, बूट घातले. बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता. बाबांनी विचारलं, कुठे चाललीस. ती म्हणाली, आपल्या घरातलं आहे, आपल्या घरातल्या माणसानेच सांगितलं पाहिजे, उद्या एडच्या तोंडून कळेल त्यापेक्षा. आणि मला म्हणाली, तू चल, इंग्रजी कमी पडलं तर. मी गेले, पण माझी गरज लागली नाही. आईने मिस लोरेनच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, आपल्या तुटक्या इंग्रजीत, चार वाक्यांत सगळं सांगितलं. माझ्या नवऱ्याने काळी गोटी टाकली. त्याने तुम्हाला खोटं सांगितलं. मला आज कळलं. मला तोंड दाखवायला लाज वाटते. मिस लोरेन खुर्चीवर बसल्या. मिस्टर वॉल्टर आतल्या खोलीत कुणाला तरी शिकवत होते, तिथून ट्रम्पेटची तीच ती ओळ येत होती. मिस लोरेन म्हणाल्या, धडा संपू दे, मी सांगेन. मग त्यांनी आईचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

मिस्टर वॉल्टर त्याच दिवशी ऊन उतरायच्या वेळी आले. घरात आले नाहीत. बाबा ड्राइव्हवेवर गाडी पुसत होते. पुसण्यासारखं काही नव्हतं, चिखलात गाडी पुन्हा भरणारच होती. मी खिडकीत होते आणि खिडकी तळणाचा धूर जाण्यासाठी उघडी होती, म्हणून ऐकू आलं. मिस्टर वॉल्टर रागावले नव्हते. मी वाट बघत होते की ते रागावतील. ते फक्त म्हणाले, “तू सही केली नसतीस तरी आपण शेजारी राहिलो असतो, धानराझ.”

बाबा काही बोलायला लागले. मिस्टर वॉल्टरांनी हात वर केला, तो ट्रॅफिक थांबवल्यासारखा नाही, हळू, वर्गात गोंगाट थांबवायला करतात तसा. आणि ते आपल्या घरी गेले.

आम्ही ते घर सोडलं नाही, त्यांनीही सोडलं नाही. आई आणि मिस लोरेनचं येणं-जाणं पूर्वीसारखंच चालू राहिलं, जास्तच झालं म्हटलं तरी चालेल. मिस्टर वॉल्टर दिसले की बाबा हात वर करायचे आणि तेही करायचे. बर्फ पडला की दोघं आपापल्या अंगणात फावडं चालवायचे. बाबा लॉजमध्ये पायरी पायरीने चढत गेले. मी त्या झेरॉक्स पुन्हा काढल्या नाहीत. बाबांनीही काढायला सांगितलं नाही. रविवारी दुपारी मी लायब्ररीत जाऊन बसायचे आणि बाबा टीव्ही लावायचे. कॉलेज निवडायची वेळ आली तेव्हा घराशेजारची युनिव्हर्सिटी सोडून मी शिकागोजवळचं कॉलेज निवडलं. बाबांना मी सांगितलं की तिथला प्रोग्राम चांगला आहे. बाबांनी मान्य केलं. मुद्देसूद कारण असलं की ते मान्य करायचे.

तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा थँक्सगिव्हिंगला मी घरी आले. त्या वर्षी बाबा लॉजचे मास्टर झाले होते, मुख्य खुर्चीत बसलेले. त्या सोहळ्याला आई गेली नव्हती आणि मी पण नव्हते. जेवण झाल्यावर बाबा कपाटातून एक कागद घेऊन आले आणि मला म्हणाले, माझ्याबरोबर शेजारी चलतेस का. कोरा अर्ज होता तो. मी विचारलं नाही, पण त्यांच्या चालण्यावरून कळलं की गेली सगळी वर्षं ते या दुपारच्या तयारीत होते. ‘आत असलो तरच काही बदलता येईल’ हे वाक्य त्यांनी आम्हाला पटावं म्हणून नाही, स्वतःला पटावं म्हणून जपून ठेवलं होतं. मला त्यांची दया आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच वाटलं की कदाचित काहीतरी जुळेल.

मिस्टर वॉल्टर सोफ्यावर बसून मुलांच्या कार्यक्रमाचे स्वर कागदावर लिहीत होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. मिस लोरेनने कॉफी ठेवली. बाबांनी इकडचं तिकडचं काही न बोलता कागद पुढे केला. म्हणाले, या वर्षी खुर्ची माझ्याकडे आहे. जे लोक विरोधात होते त्यांतले बरेच आता नाहीत, उरलेल्यांशी मी बोललोय. पुन्हा अर्ज करा. या वेळी मी खरंच उभा राहीन.

मिस्टर वॉल्टरांनी चष्मा लावून अर्ज पूर्ण वाचला. मग नीट घडी घालून बाबांकडे परत दिला, आणि देताना हात तसाच पुढे ठेवला. त्यांच्या बोटात अंगठी होती. काटकोन आणि कंपास. ते म्हणाले, त्या वसंतातच मी शेजारच्या गावच्या लॉजमध्ये गेलो, धानराझ. वडिलांचा ॲप्रन पेटीत पडून होता, तो लोरेनने धुऊन दिला. आता तिथे नव्याने येणाऱ्या पोरांना मीच शिकवतो.

बाबा अंगठीकडे बघत राहिले. वर्षानुवर्षं तो हात त्यांनी अंगणापलीकडून हलताना पाहिला होता. बाबांच्या लॉजांच्या वरच्या संस्थेने काळ्यांच्या लॉजांना तोवर मान्यता दिली नव्हती. त्यांचा माणूस समोर आला तरी तो मेसन आहे असं मानायचं नाही, त्याला ब्रदर म्हणायचं नाही, असा नियम होता. मला हे नंतर कळलं. त्या खोलीतल्या दोघांना ते तेव्हाच ठाऊक होतं.

“ठीक आहे,” मिस्टर वॉल्टर म्हणाले. “तुला ही अंगठी दिसायचीच नव्हती.”

आम्ही कॉफी संपवली. मिस लोरेनने माझ्या अभ्यासाची चौकशी केली. निघताना दोघांनी हात मिळवले, साधेच, दुकानात ओळखीचा माणूस भेटला की मिळवतात तसे. दोन अंगणांमधलं गवत वाळक्या पानांनी भरलं होतं. बाबा घडी घातलेला अर्ज हातात धरून पुढे चालत होते. दाराशी आल्यावर थांबून म्हणाले, इतकी वर्षं शेजारी राहिला, एकदा तरी सांगायचं होतं त्याने.

मी विचारलं, “सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?”

बाबांनी खरंच विचार केला. उगाच काहीतरी बोलावं असा त्यांचा स्वभाव नव्हता.

“नियमाप्रमाणे काहीच म्हणता आलं नसतं,” ते म्हणाले, बुटांना चिकटलेली पानं पायपुसण्यावर काढली, आणि आत गेले.